बस-कॅम्परची मागची बॅटरी मध्यरात्री उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

जुनी बस घेऊन आत पलंग, ओटा, फ्रीज बसवलेली मंडळी पहिली चाचणी करतात ती बहुधा बेळगावच्या जवळपासच. जांबोटी, कणकुंबी, हिडकल धरणाची बाजू, नाहीतर खानापूरकडे ओळखीच्या कुणाच्या तरी शेतात. शनिवारी जायचं, रविवारी परत. रविवारी सकाळी फोन येतो तो ठरलेला: "बघा की ओ, बॅटरी नवीच हाय, तरीबी रात्री उतरालीय." बॅटरीच्या दुकानात गेलात तर तिथून दुसरी नवी घेऊनच बाहेर पडाल. माझ्या अनुभवात दोष बॅटरीत निघतो तो क्वचित. तो बहुतेकदा बॅटरीपर्यंत येणाऱ्या आणि तिच्यापासून निघणाऱ्या वायरीत असतो, नाहीतर रात्रभर काय चालू ठेवलं त्या हिशोबात.

या लेखात 'पुढची बॅटरी' म्हणजे इंजिन सुरू करणारी आणि 'मागची' म्हणजे घरातलं सामान चालवणारी.

लक्षणं

संध्याकाळी सगळं झकास असतं. रात्री एक ते तीनच्या दरम्यान खालीलपैकी काहीतरी होतं.

- इन्व्हर्टर टीं-टीं ओरडतो आणि थोड्या वेळाने बंद पडतो.
- फ्रीज 'टक्' आवाज करून सुरू व्हायला बघतो, दोन सेकंदांत थांबतो, काही मिनिटांनी परत तेच.
- पाण्याचा पंप लावला की दिवे मंद होतात. पंप थांबला की परत उजळतात.
- सामान सगळं बंद पडतं, पण मागच्या बॅटरीवर मीटर लावला तर १२.३-१२.४ व्होल्ट दिसतात.
- सकाळी गाडीचा सेल्फच मारत नाही.
- दिवसभर गाडी चालवली तरी दुसऱ्या रात्री तीच गत.

यातलं तुमचं लक्षण नेमकं कुठलं ते आधी ठरवा, निम्मं काम तिथंच होतं. बॅटरीवर व्होल्टेज चांगलं आणि सामान बंद, तर दोष वायरीत किंवा जोडात. व्होल्टेज खरंच ११.८ च्या खाली गेलं असेल, तर एकतर खर्च जास्त किंवा भरणा कमी. सेल्फ मारत नसेल, तर मागचा भार पुढच्या बॅटरीवर चढतोय. ही तिसरी भानगड मोठ्या बसमध्ये फार, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलंय.

हाताशी काय हवं: साधा मल्टिमीटर, दहा आणि तेराचा पाना, टॉर्च, जुना टूथब्रश, खायचा सोडा. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घेणार असाल तर डीसी अँपिअर दाखवणाराच घ्या. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प एसीच मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर सरळ शून्य दाखवतात. मग माणूस म्हणतो, करंट जातच नाही.

आधी कागद आणि पेन

याला पैसा लागत नाही, म्हणून हे पहिलं. रात्री काय काय चालू होतं ते लिहा. प्रत्येकाचे वॅट भागिले बारा म्हणजे साधारण अँपिअर. इन्व्हर्टरमधून चालत असेल तर त्यावर आणखी दहा-पंधरा टक्के धरा, कारण तेवढं इन्व्हर्टर स्वतः खातो.

घरातले साधे पंखे ७५ वॅटचे. दोन लावले की १५० वॅट, म्हणजे इन्व्हर्टरसकट १४ अँपिअरच्या आसपास. १२ व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना चारेक अँपिअर घेतो, पण तो निम्माच वेळ चालतो, म्हणून सरासरी दोन धरा. एकूण सोळा. बॅटरी १५० अँपिअर-अवरची असली तरी शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे वापरायला ७५. त्याला सोळाने भागलं की साडेचार तासांच्या थोडं वर. साडेनऊला पंखे लावून झोपलात, तर बरोबर दोनच्या सुमाराला बॅटरी निम्म्यावर येते. बॅटरी नवी असेल तर त्यापुढेही ओढेल, आयुष्य मात्र घटेल. जरा जुनी असेल तर तिथंच माना टाकते. दुसरं असं की, बॅटरीवर छापलेले १५० हे वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने काढले तर मिळतात. दुप्पट वेगाने ओढलं तर तेवढे मिळत नाहीत.

इथं उपाय बॅटरी नाही, पंखे आहेत. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास चालतो. १२ व्होल्टचे डीसी पंखे लावले तर इन्व्हर्टरच रात्री बंद ठेवता येतो. डिसेंबर-जानेवारीत जांबोटीच्या बाजूला रात्री पंखा लागतच नाही. त्यामुळे हिवाळ्यात चाचणी केलेली गाडी एप्रिलमध्ये रडते आणि मालकाला वाटतं बॅटरी खराब झाली.

मग चोरून चालणारं सामान

इन्व्हर्टरला काहीही जोडलेलं नसलं तरी तो नुसता चालू असला की एक-दोन अँपिअर खातो. रात्रभरात दहा-पंधरा अँपिअर-अवर असेच गेले. म्युझिक सिस्टीमचा अँप्लिफायर, मागचा कॅमेरा, आणि प्रवासी बस असताना लावलेलं जीपीएसचं यंत्र. हे शेवटचं बहुतेकांना ठाऊकच नसतं. डॅशबोर्डमागे कुठेतरी बसलेलं असतं, बस आठवडाभर उभी असली तरी थोडं थोडं पीत राहतं.

तपासायचं असं: सगळं बंद करा, मागच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत लावून मधे जोडा. पाव अँपिअरच्या वर काही दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या रस्त्यावर चोर आहे. मीटर मधे असताना पंप किंवा इन्व्हर्टर चुकूनही लावू नका, मीटरचा आतला फ्यूज उडेल. आणि काम झालं की लाल पिन व्होल्टच्या खोबणीत परत लावा. ती अँपिअरमध्येच राहिली आणि कुणी व्होल्ट मोजायला गेलं, तर तो सरळ शॉर्ट असतो.

टर्मिनल आणि लग

बेळगाव-चोर्ला रस्त्याने बस एकदा जाऊन आली की नटबोल्ट ढिले होतातच. म्हणून हात लावून बघा. बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) हाताने फिरवला तर तसूभरही हलता कामा नये. पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टूथब्रशने घासा (बॅटरीच्या झाकणातून ते पाणी आत जाऊ देऊ नका), कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. कारण पाना चुकून बॉडीला टेकला तर निगेटिव्ह सुटलेली असताना ठिणगी पडत नाही.

पावडर दिसते, पण दोष पुष्कळदा दिसत नाही. लग वायरीवर हातोड्याने ठोकून बसवलेला असतो. वरून छान, वर काळी टेपसुद्धा गुंडाळलेली. टेप सोडवली की आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, अर्ध्या तुटलेल्या. कणकुंबीसारख्या पावसाच्या गावाजवळ एक पावसाळा काढलेली गाडी असेल, तर हे हमखास. असा जोड दोन अँपिअरचे दिवे आरामात चालवतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम मोठा करंट मागतो, तेव्हा मात्र व्होल्टेज तिथंच अडतं. फ्रीजला बॅटरी संपली असं वाटतं आणि तो बंद होतो. 'टक्' आवाजाचं मूळ बहुतेकदा हे.

हे पकडायची एकच खात्रीची रीत आहे. फ्रीज, पंप, पंखे सगळं चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरं त्याच खुंटावर बसलेल्या लगवर. जोड चांगला असेल तर शून्याच्या जवळ आकडा येतो. ०.१ च्या वर गेला की तो जोड खराब. अशाच रीतीने पुढे जा: लग ते फ्यूज, फ्यूजच्या दोन बाजू, फ्यूज ते स्विच, स्विच ते फ्रीज. मग निगेटिव्हच्या बाजूने परत. जिथं आकडा उडी मारतो, तिथं काम. भार चालू नसताना ही तपासणी केली तर सगळं ठीकच दिसेल. 'वायरमनने बघितलं, काही सापडलं नाही' असं जे ऐकायला येतं, त्याचं कारण बहुधा तेच असतं.

निगेटिव्हची बाजू विसरू नका. बसमध्ये बॉडीलाच अर्थ धरायची पद्धत आहे. पण आतलं काम करताना पत्र्यावर रंग बसला, प्लाय बसला, खालून गंज. बोल्ट घट्ट असतो, पण रंगावर. पत्रा घासून चकाकता करा, किंवा सरळ बॅटरीपासून जाड निगेटिव्ह केबल मागे ओढा. या दोन्हींतला मी दुसरा मार्ग सुचवतो.

वायर बारीक आहे का?

हे डोळ्यांना दिसतं, म्हणून मीटरशिवायही कळतं. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून ३० अँपिअर पाच मीटर नेले आणि पाच मीटर परत आणले, तर वाटेतच जवळजवळ ०.९ व्होल्ट जातात. बॅटरी १२.२ असली तर सामानाला ११.३ मिळतात. तेवढ्यावर बरेच फ्रीज बंद होतात. तीच वायर २५ चौरस मिलिमीटरची असेल तर तूट ०.२ च्या आसपास. घरच्या लाइट फिटिंगची उरलेली वायर बसमध्ये ओढायची खोड आपल्याकडे जुनी आहे. २३० व्होल्टला ती चालते, १२ व्होल्टला नाही, कारण त्याच वॅटसाठी करंट वीसपट जातो. घरचे एमसीबीही बॅटरीच्या वायरीवर लावू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. डीसीसाठीचा ब्रेकर किंवा बॅटरीजवळच योग्य अँपिअरचा फ्यूज हवा.

भरणा होतोय का?

बेळगाव ते जांबोटी पाऊण तास धरा. पुढून मागे वीस अँपिअर जरी येत असले, तरी पोहोचेपर्यंत बॅटरीत पंधरा अँपिअर-अवर जमा. रात्रीच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. चाचणीला निघताना मागची बॅटरी घरच्या चार्जरवर आदल्या रात्रीच भरलेली हवी. 'गाडी चालवली म्हणजे भरली' यावर विसंबू नका.

मोजायचं असं. गाडी बंद ठेवून, काहीही न चालवता चार-पाच तासांनी मागच्या बॅटरीवर व्होल्ट बघा. १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली म्हणजे हलाखी. आता इंजिन सुरू करा, थोडी रेस द्या. त्याच बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवं. आकडा जागचा हलला नाही, तर पुढून मागे काही येतच नाही. मधला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), फ्यूज किंवा डीसी-डीसी चार्जर (पुढच्या बॅटरीवरून मागची भरणारा) तपासा. रिले बऱ्याचदा किल्लीच्या वायरीवर घेतलेला असतो आणि ती वायर डॅशबोर्डमागे सुटलेली असते.

सोलरचं थोडक्यात. आंब्याच्या सावलीत गाडी लावायची आणि वरच्या पॅनेलकडून कामाची अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी सगळ्या साखळीचा करंट घटतो. आपल्याकडची तांबडी धूळ आठवड्यातून एकदा पुसा. पावसाळ्यात घाटाच्या बाजूला सोलर नाहीच असं धरून हिशोब करा. सोलरच्या कंट्रोलरमध्ये (पॅनेलवरून बॅटरी भरणाऱ्या डब्यात) बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलाय का, तेही बघा.

मोठी बस आणि चोवीस व्होल्ट

मोठ्या बसला २४ व्होल्ट असतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. ट्रॅव्हलर आणि बऱ्याच लहान गाड्यांना १२ च असतात. आपली कुठली, हे बॅटऱ्या मोजून आणि मीटर लावून खात्री करा. आतलं सामान १२ चं. मग सोय म्हणून कुणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्टची वायर काढतो. दिवे लागतात, पंखा फिरतो, पैसे देऊन माणूस घरी जातो.

खालची, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूची बॅटरी मग एकटीच सगळा संसार ओढते. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटऱ्या भरणारं यंत्र) मात्र दोघींची बेरीज बघतो. २८ झाले की त्याचं समाधान. पण ती बेरीज १५ अधिक १३ अशी असते. वरच्या बॅटरीचं पाणी उकळून उडतं, खालची कधी पूर्ण भरत नाही आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी मरतात. मालक दोन्ही बदलतो. काही महिन्यांनी परत तेच.

ओळख सोपी आहे. इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळे व्होल्ट घ्या. दोन्हींवर चौदाच्या आसपास, जवळजवळ सारखा आकडा हवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की मधून वायर काढलीय का ते शोधा. एकीचं पाणी सारखं कमी होत असेल तर तीच खूण. उपाय: मधली वायर तोडायची आणि पूर्ण २४ वरून योग्य अँपिअरचा २४-१२ कन्व्हर्टर लावायचा. त्याहून बरं म्हणजे मागे १२ ची वेगळी बॅटरी आणि तिला २४ वरून भरणारा डीसी-डीसी चार्जर. मग मागचं कितीही उतरलं तरी सकाळी सेल्फ मारतो. कणकुंबीच्या पुढे, जिथं ढकलायलाही कुणी नाही, तिथं याची किंमत कळते.

सर्वात शेवटी बॅटरी

वरचं सगळं ठीक निघालं तरच इथं या. पाणी भरायची बॅटरी असेल तर प्लेटच्या वर पाणी आहे का बघा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बॅटरी पूर्ण भरल्यावर हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) सगळ्या सहा सेलमध्ये लावा. सगळ्या सेलचा आकडा जवळजवळ सारखा हवा. पाच सेल १.२४० आणि एक १.१८० असेल, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरी. मग बदला. वॉरंटी असेल तर कार्ड आणि पावती घेऊन जा. दोन बॅटऱ्या जोडीने लावलेल्या असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या बदला.

इथं हात थांबवा

बॅटरी फुगलीय, गळतेय किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास येतोय: सगळ्या खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा, चार्जिंग बंद करा आणि ती बॅटरी स्वतः उचलू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पलंगाखाली बॅटरी असेल तर तिची पेटी आतून बंद आणि बाहेर हवा जाईल अशी हवी. पलंगाखाली मच्छर अगरबत्ती ठेवायची सवय असेल, तर ती या गाडीत मोडा.

वायरीचं प्लास्टिक मऊ झालंय, फ्यूजचं घर वितळलंय, किंवा केबल हाताला चटका देतेय: मोठा फ्यूज घालून बघू नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

शेतघरातून २३० व्होल्टची वायर ओढलीय आणि बसच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात: मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ती वायर जोडू नका. पावसात ओल्या मातीवर उभं राहून हा शॉक जीव घेऊ शकतो.

अल्टरनेटरवरच आकडा २९-३० च्या वर जातोय (१२ च्या गाडीत १५ च्या वर), किंवा इंजिन चालू असूनही वाढतच नाही: रेग्युलेटरचं (अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणाऱ्या भागाचं) काम घरी होत नाही. उद्यमबाग किंवा ऑटोनगरच्या बाजूला ही दुरुस्ती रोज करणारे सापडतील.

लिथियमची बॅटरी एकदम शून्य व्होल्ट दाखवते: तिच्यातल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटने) तोडलंय. पुढच्या बॅटरीवरून जंप देऊ नका. कारण कळल्याशिवाय ती जागी करणं धोक्याचं, विकणाऱ्याला विचारा.

कुणाकडेही जाताना चार आकडे कागदावर घेऊन जा: विश्रांतीनंतरचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे, फ्रीज सुरू होत असतानाचे बॅटरीवरचे, आणि त्याच क्षणी फ्रीजच्या टोकाशी मिळालेले. शेवटच्या दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त तफावत असेल तर नवी बॅटरी विकू पाहणाऱ्याला सरळ नाही म्हणा आणि आधी वायर बदलून घ्या. पुढची चाचणी मग घरासमोरच्या अंगणात एक रात्र करा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री गाडी लावूच नका, बॅटरी चांगली असली तरी.